प्रत्यारोपणाच्या पेशंटला सांभाळणाऱ्या माणसाला सुट्टी कशी द्यावी

किडनी, लिव्हर किंवा हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या घरात बहुतेक वेळा एकच माणूस अडकून पडतो. गोळ्या, तपासण्या, ताप, दवाखान्याचे फोन, सगळं त्याच्याकडे. हा मजकूर घरातल्या उरलेल्यांसाठी आहे. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणं आजपासून बंद करा. दमलेल्या माणसाला आणखी एक काम देणारं वाक्य आहे ते.

१. वार आणि वेळ तुम्ही सांगा. ‘गुरुवारी दुपारी दोन ते सहा मी आहे.’ बस.

२. किराणा, बिलं, विम्याचे कागद, चौकशीचे फोन ही कामं न विचारता उचला.

३. गोळ्या ताब्यात घ्या. खरी अडचण इथेच येते.

सांभाळणारा माणूस घराबाहेर पडत नाही, कारण त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नसतो, आणि त्याचं बरोबर असतं. टॅक्रोलिमस हे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. ते कमी पडलं तर शरीर अवयव नाकारू शकतं, जास्त झालं तर हात थरथरतात, किडनीवर ताण येतो. त्यामुळे ‘तू जा, मी बघतो’ या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही. तो जाईल, पण दर अर्ध्या तासाने फोन करेल. ती सुट्टी नव्हे.

विश्वास रंगीत तालमीने येतो. एक दिवस नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी गोळ्या तुम्ही काढा, तो शेजारी बसेल आणि चूक होत असेल तरच बोलेल. तिसऱ्या वेळी त्याने बाहेर जायचं. यातला मधला दिवस लोक हमखास गाळतात आणि मग सगळं फसतं.

तालमीआधी एका कागदावर तक्ता करा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, रिकाम्या पोटी की जेवणानंतर. तक्ता ताज्या चिठ्ठीवरूनच उतरवा, डिस्चार्जच्या कागदावरून नको. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तातली पातळी बघून डोस वारंवार बदलतात आणि जुना तक्ता फ्रिजवर तसाच लटकत राहतो. दिवसातून दोनदा घ्यायचं टॅक्रोलिमस आणि एकदाच घ्यायचं टॅक्रोलिमस ही वेगळी औषधं समजा. एकाऐवजी दुसरं चालत नाही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं दिलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.

नवा माणूस सगळ्यात जास्त चुकतो तो रक्त तपासणीच्या सकाळी. वेळ झाली म्हणून तो बिचारा प्रामाणिकपणे गोळी देऊन मोकळा होतो. पण ही तपासणी मागच्या डोसनंतर रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी सगळ्यात खाली असते तेव्हाची असते. दिवसातून दोनदाच्या औषधाला म्हणजे सुमारे १२ तासांनी. गोळी आधी पोटात गेली की आकडा खोटाच जास्त येतो, आणि त्यावरून डोस कमी केला गेला तर नुकसान अवयवाचं. त्या दिवशी टॅक्रोलिमस सोबत न्या आणि रक्त दिल्यावर लगेच द्या. तक्त्यावर ही ओळ लाल शाईने लिहा.

तक्त्याच्या मागच्या बाजूला एवढं हवंच. गोळीनंतर उलटी झाली किंवा डोस चुकला, तर अंदाजाने पुन्हा किंवा दुप्पट देऊ नका, कोऑर्डिनेटरला (दवाखान्यात प्रत्यारोपणाच्या पेशंटचं बघणारा माणूस) विचारा. ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) झाला की लगेच फोन, पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसायचं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा दुखण्यावरच्या गोळ्या मनाने नाहीत. ग्रेपफ्रूट आणि पपनस नाही, औषधाची पातळी चढते.

आणि फोनचा क्रम ठरवून ठेवा: आधी कोऑर्डिनेटर, मग दवाखान्याचा तातडीचा नंबर, सुट्टीवरचा माणूस सगळ्यात शेवटी. ठरलेल्या वेळी ‘सगळं ठीक’ एवढा एकच निरोप पाठवा. ‘कात्री कुठे आहे?’ असं विचारायला फोन कराल तर तालीम वाया गेली म्हणून समजा.

४. पहिली सुट्टी दोन डोसांच्या मधल्या वेळेत, चारेक तासांची. पुढची एक डोस धरून. मग एक पूर्ण रात्र. झोपेची थकबाकी दुपारच्या डुलकीने फिटत नाही, म्हणून रात्रीचा मुक्काम टाळू नका. ‘दुसरं कुणी नको’ असं पेशंट म्हणेलच. तक्ता त्याच्या हातात द्या, गोळी घेतल्याच्या खुणा त्याला करू द्या. डॉक्टरांची हरकत नसेल तर बऱ्या होत चाललेल्या माणसाने आपल्या गोळ्या आपणच घ्यायला शिकायचं असतं; वर्षभर भरवत राहण्यात दोघांचंही भलं नाही.

५. पेशंटची चिडचिड प्रेडनिसोलोनमुळेही असू शकते. या स्टेरॉइडने झोप उडते, भूक वाढते, मूड पलटतो, आणि राग निघतो तो जवळच्यावर. सांभाळणाऱ्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगा, आणि डॉक्टरांच्या कानावरही घाला. गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही.

६. सांभाळणाऱ्याची स्वतःची तब्येत. फ्लूची लस दरवर्षी टोचून घ्यायची. रक्तदाब, साखरेच्या त्याच्या गोळ्या याच तक्त्यात लिहा, नाहीतर त्याच आधी चुकतात. त्याला सर्दी-खोकला झाला तर लगेच बदली माणूस, मास्क आणि वेगळी खोली. त्यानेच अवयव दिला असेल तर तोही ऑपरेशन झालेला पेशंट आहे: साधारण सहा आठवडे जड उचलणं नाही, आणि त्याच्या तपासण्यांना सोबत दुसरं कुणीतरी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं दिसलं तर त्याच्यासाठी डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या आणि त्या दिवशी पेशंटपाशी तुम्ही थांबा. ‘जगणं नको’ असं काही बोलला तर त्याच दिवशी घेऊन जा.