अण्णांचा फोन कसा साफ केला, तुम्हीपण घरच्यांचा असाच नीट लावून द्या

मागच्या महिन्यात गावी गेलो तर अण्णा फोन टेबलावर पालथा घालून बसलेले. काय झालं म्हटलं तर म्हणाले, "बघवंना बाबा त्याच्याकडं, सारखं व्हायरस व्हायरस म्हणतंय." सरळ करून बघितला तर पाच मिनिटांत चार वेळा टिंग वाजलं, लाल खूण, आणि खाली "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस, लगेच साफ करा". व्हायरस एकपण नव्हता. अण्णांनी सांगली मार्केटचा हळदीचा दर बघायला कुठलीतरी साइट उघडली होती, तिथं नोटिफिकेशन पाठवू का असं विचारलं, त्यांना वाटलं दराचंच काहीतरी येईल, म्हणून अलाऊ दाबलं. एवढंच झालं होतं. आणि त्या भीतीनं त्यांनी आठ दिवस दर बघायचं सोडून दिलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

तर पहिलं काम हेच करा. क्रोम उघडा, वर उजवीकडं तीन टिंब आहेत ती दाबा, सेटिंग्ज, मग खाली साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. ज्या ज्या साइटला परवानगी दिलीय त्यांची यादी तिथं दिसते, अण्णांच्या फोनमध्ये ती अंगठ्यानं दोनदा सरकवावी लागली इतकी लांब होती. एकेक दाबून बंद करा आणि मग वरचं मेन बटणच बंद करून टाका, म्हणजे पुन्हा कुठली साइट विचारणारच नाही. कोण पाठवतंय ते कळत नसेल तर आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा, साइटचं नाव दिसतं. फक्त एक, ती सांगते ते "साफ करायचं" ॲप चुकूनपण घेऊ नका, खरा घोळ तिथनं सुरू होतो.

दुसरं काम ब्राउझर, म्हणजे साइट उघडायचं ॲप, बदलायचं. यावर माझं मत ठाम आहे. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंगचा इंटरनेट, नावं वेगवेगळी पण आतलं इंजिन एकच, क्रोमियमचं, म्हणजे क्रोमचंच. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे, आयफोनवाल्यांच्या सफारीचं वेगळं, बास. आता ज्यांनी २००५-०६ च्या सुमाराला कॅफेत बसून ऑनलाइन फॉर्म भरलेत त्यांना आठवत असेल, "ही साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालेल" असं लिहिलेलं असायचं आणि खरंच दुसऱ्यात चालायची नाही. तो एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला बंद केला, पण आज तेच क्रोमच्या बाबतीत व्हायला लागलंय. सगळ्यांनी एकच धरलं की साइटवालेपण बाकीच्यांकडं बघायचं सोडतात आणि मग आपल्याला पर्यायच राहत नाही. म्हणून मी फायरफॉक्स वापरतो आणि घरातपण तोच लावून दिलाय. तो करणारी मोझिला नफ्यासाठी नाही, हे खरं, पण त्यांचा बराचसा पैसा गूगलला सर्च म्हणून ठेवल्याबद्दल गूगलकडूनच येतो, हेपण खरं, ते लपवायचं कारण नाही.

फोनवर त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्यात एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा सोयी, टाकता येतात, फोनवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही. प्ले स्टोअरवरनं फायरफॉक्स घ्या, त्याच्या मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन युब्लॉक ओरिजिन टाका, ते जाहिराती अडवतं. नाव नीट वाचून टाका, सारख्या नावाची दुसरीपण असतात. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ब्राउझर, तिथं फायरफॉक्स निवडा. अण्णांना मी कृषी पणन मंडळाची बाजारभावाची साइट उघडून दिली आणि मेनूतनं तिचा शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवला, म्हणजे रोज नव्यानं शोधायला नको आणि शोधताना भलत्याच साइटवर जायला नको. क्रोम काढून टाकू नका मात्र. एखादा सरकारी फॉर्म किंवा बँकेची साइट अडली तर तेवढ्यापुरता लागतो.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची ती खासगी खिडकी, तिच्याबद्दल आईनं विचारलं, त्यात काही कळत नाही ना कुणाला. तर असं नाही. आपल्या फोनवर हिस्ट्री राहत नाही इतकंच, ज्या साइटवर गेलो तिला कळतं, ज्याचं इंटरनेट आहे त्यालाही कळू शकतं.

फेसबुक, इन्स्टावर लिंक दाबली की ती ॲपच्या पोटातच उघडते, बाहेर येतच नाही. तिथं आपलं युब्लॉक वगैरे काही चालत नाही. अशा वेळी तीन टिंब दाबून ब्राउझरमध्ये उघडा म्हणायचं. आणि फेसबुकवर आपल्याच माणसांच्या पोस्ट दिसत नाहीत अशी तक्रार असेल तर मेनूत फीड्स म्हणून आहे, तिथं ओळखीच्यांचं नव्यापासनं जुन्याकडं ओळीनं दिसतं. आईला बहिणीच्या नातवाचे फोटो तिथं सापडले, दोन महिन्यांपूर्वीचे.

आता व्हॉट्सॲप, यावर जरा जास्त वेळ द्या. सेटिंग्ज, स्टोरेज आणि डेटा, तिथं मीडिया ऑटो डाउनलोड सगळं बंद, निम्मी जागा त्यानंच खाल्लेली असते. मग अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन, जन्मतारीख ठेवू नका. आणि लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असलं तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे, ओळखीच्या माणसाच्या नंबरवरनं आलं तरी उघडायचं नाही, कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला असू शकतो.

आणि सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात काय होतं ते. २०१९ ला आपण सगळ्यांनी बघितलंय, पाणी एकीकडं चढत होतं आणि ग्रुपवर "कोयना फुटली, घर सोडा" असले मेसेज फिरत होते, आमच्या शेजारच्या आजी रात्री दोन वाजता पिशवी भरून जिन्यात बसल्या होत्या. म्हणून मेसेजवर दोन बाण आणि "बऱ्याच वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं की थांबायचं. असा मेसेज २०२० पासनं एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो, ती मर्यादा उगीच घातलेली नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आकडे घरात सगळ्यांना पाठ पाहिजेत, आणि आज किती पाणी आहे ते जलसंपदा विभाग किंवा जिल्हा प्रशासनाच्या पानावरनंच बघायचं. त्या पानांचे शॉर्टकट हळदीच्या दराशेजारीच लावून दिलेत मी.

शेवटी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात १९३० लिहून ठेवा, पैसे गेले तर लगेच लावायचा सायबर फसवणुकीचा नंबर. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, त्यामुळं घरच्यांना आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर कुणी रागावणार नाही, लाजेनं दोन दिवस गप्प बसू नका. अण्णांनी तो नंबर स्वतःच्या हातानं लिहिला, आणि खाली माझापण.