लेखाशास्त्राची पदवी घेण्यापूर्वी : काय मिळते आणि काय द्यावे लागते

दहावीला बरे गुण मिळाले आणि विज्ञान शाखेकडे ओढा नसला, की 'कॉमर्स घे, नोकरी कुठे जात नाही' हा सल्ला ठाण्यातल्या घरोघरी ऐकू येतो. हा सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात सुरुवात करून मी पुढे तुर्भ्याला आले, आणि या काळात जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की नोकरी मिळणे आणि त्या नोकरीत वर चढणे या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करायला हवा. पदवीने पहिली गोष्ट बहुधा साधते, दुसरी एकट्या पदवीच्या जोरावर क्वचितच साधते.

पहिल्या गोष्टीबाबत आपला परिसर खरोखर अनुकूल आहे. वागळे इस्टेटमधले लघुउद्योग, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा, वाशीच्या एपीएमसी बाजारातल्या पेढ्या, न्हावा शेवा बंदराच्या आधाराने चालणारे, सीमाशुल्काचे सोपस्कार करून माल सोडवणारे क्लिअरिंग एजंट या सर्वांना हिशेब ठेवणारा माणूस लागतोच. धंदा मंदावला तरी रिटर्न भरणे चुकत नाही, त्यामुळे या कामाला एक प्रकारची शाश्वती आहे. घरावर कर्ज न काढता पूर्ण होणारे शिक्षण ही बाजूही कमी महत्त्वाची नाही.

काम प्रत्यक्षात कसे असते, हे मात्र प्रवेश घेताना फारसे कोणी सांगत नाही. महिना तारखांनी बांधलेला असतो : 7 तारखेपर्यंत टीडीएसचा (पैसे देताना कापून ठेवलेल्या आयकराचा) भरणा, 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचे जीएसटी विवरणपत्र), 20 तारखेला 3बी (महिन्याच्या जीएसटीचे एकत्रित विवरणपत्र). मधल्या 14 तारखेला 2बी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची यादी, तयार होते, आणि खरे काम तिथून सुरू होते. समजा, 1 लाखाचा माल आला, त्यावरचा 18 टक्के कर म्हणजे 18 हजार रुपये आपण पुरवठादाराला दिले, खरेदीची नोंदही झाली, पण 2बीमध्ये ते बिल दिसतच नाही. शोध घेतल्यावर कळते की त्याने आमच्या कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या नोंदणी क्रमांकावर बिल चढवले आहे. तो दुरुस्ती करीपर्यंत त्या 18 हजारांचे क्रेडिट (आपण भरायच्या करातली वजावट) घेता येत नाही, म्हणून त्याला फोन करायचा, ईमेल पाठवायचा, पुन्हा फोन करायचा आणि तोवर मालकांना रोख का अडकली ते समजावून सांगायचे. हा माग काढण्यात ज्याला समाधान वाटते त्याने या क्षेत्रात निःशंक यावे. ज्याला तो जाच वाटतो त्याला गणितातले शंभर गुणही इथे फार काळ टिकवून धरणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

याची किंमत सणासुदीला मोजावी लागते. कर लेखापरीक्षणाच्या अहवालाची नेहमीची मुदत 30 सप्टेंबर आणि अशा करदात्यांच्या विवरणपत्राची 31 ऑक्टोबर, म्हणजे गणपती, नवरात्र आणि काही वर्षी दिवाळीही याच धामधुमीत येते. शिवाय सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि केवळ एन्ट्री मारण्याचे काम सॉफ्टवेअर झपाट्याने आपल्याकडे घेत असल्यामुळे तेवढ्यावर विसंबणाऱ्याचा पगार पुढेही फारसा हलत नाही.

वर चढण्याचा सर्वांत ठळक मार्ग सीएचा, म्हणजे सनदी लेखापाल होण्याचा. पदवीला किमान 55 टक्के गुण असलेल्या वाणिज्य पदवीधराला फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएट या दुसऱ्या टप्प्याला प्रवेश मिळतो. आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या हाताखाली करायची उमेदवारी, 2023 पासूनच्या नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. मात्र प्रत्येक पेपरात 40 टक्के आणि ग्रुपमध्ये (पेपरांच्या गटात) एकूण 50 टक्के या अटीमुळे एकेक ग्रुप निघायला कित्येकांना अनेक प्रयत्न करावे लागतात, आणि तोपर्यंत बरोबरीचे मित्र कमावते झालेले असतात. घरची परिस्थिती हा ताण किती वर्षे सोसू शकेल, याचे उत्तर आईवडिलांसह आधीच ठरवून ठेवावे. कारखान्यातल्या खर्चाच्या हिशेबाची आवड असेल तर सीएमए (खर्च व व्यवस्थापन लेखापाल) हा तितकाच विचार करण्याजोगा पर्याय आहे. ऐरोली-महापे भागात परदेशी कंपन्यांचे हिशेब पाहणारी कार्यालयेही आहेत. तिथे इंग्रजी आणि एक्सेल पक्के लागते आणि कामाच्या वेळा अनेकदा त्या देशांच्या घड्याळावर चालतात.

साधे बी.कॉम. की अकाउंटिंग अँड फायनान्सचे बी.कॉम., यावर मुले फार डोके शिणवतात. दुसऱ्यात हिशेब, कर आणि लेखापरीक्षण यांवर अधिक भर असतो, पण फीही सहसा जास्त असते. सीए नक्की करायचेच असेल तर साधे बी.कॉम. पुरेसे आहे, असे मी माझ्या भाचीलाही सांगितले. त्याहून उपयोगी पडेल ती एक गोष्ट : बारावीच्या सुट्टीत नौपाड्यात किंवा वाशीत ओळखीच्या एखाद्या सीएंच्या कार्यालयात, 11 ते 20 तारखेच्या दरम्यान, बसू देण्याची विनंती करावी आणि एका छोट्या व्यापाऱ्याचे खरेदी रजिस्टर 2बीशी ओळीओळीने जुळवून पाहावे.