फायस ऑर्किड कुंडीत लावताय? या चुका टाळा

ऑर्किड म्हटलं की कोळसा आणि विटांचे तुकडे, ही समजूत फायसच्या मुळावर येते. फायस टँकरव्हिली झाडावर नाही, जमिनीत वाढतं. भारत, चीन, आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या दमट जंगलांत, पालापाचोळ्याच्या ओलसर मातीत ते रुजतं. बाहेरून पांढरी, आतून तांबूस-तपकिरी अशी ती सुवासिक फुलं हवी असतील, तर त्याला तशीच माती द्या.

नाशिकमध्ये याच्या उलटही घडतं. शेतातली काळी माती थेट कुंडीत! पावसाळ्यात ती चिकटून बसते आणि मुळं कुजतात. पानांचं कुजलेलं खत, कोकोपीट, जाड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत एवढं पुरे. कंद मात्र पुरू नका, ते वर दिसले पाहिजेत.

"पावसाळा संपला की पाणी तोडा" हा सल्ला पावसाळ्यानंतर पानं टाकणाऱ्या हबेनारियासारख्या ऑर्किडांचा. फायस बारमाही हिरवं असतं, त्याची माती कधीच पूर्ण वाळू देऊ नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा शेडनेटखाली सकाळचं कोवळं ऊनच द्या. पानांची टोकं तपकिरी पडत असतील तर आधी बोअरच्या पाण्यातल्या क्षारांवर संशय घ्या. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

पानावर निळसर-काळा डाग दिसला की लोक लगेच बुरशीनाशक फवारतात. थांबा. फायसच्या पेशींत नीळ ज्यापासून बनते ते द्रव्य असतं. पान दुमडलं, खरचटलं की ती जागा निळी पडते. डाग ओलसर असेल आणि रोज पसरत असेल, तरच ती सड समजा आणि पान कापून टाका.

फूलच येत नाही? बहुतेकदा कुंडी फार अंधारात असते. शिवाय हिवाळ्यात काळजीपोटी ती घरात घेतली जाते. कळी धरायला थंड रात्री लागतात, आणि नाशिकमध्ये त्या फुकट मिळतात. अगदी कडाक्याच्या रात्री तेवढी भिंतीच्या आडोशाला सरकवा.

बहर ओसरला की दांडा फेकू नका. त्याचे पेरांसहित तुकडे ओल्या शेवाळावर (मॉसवर) आडवे ठेवा, वर पारदर्शक डबा झाका आणि सावलीत राहू द्या. काही महिन्यांत पेरांवर रोपं फुटतात. मुळं बोटभर झाली की ती वेगळी लावा.