पार्सल फोडल्यावर उरलेल्या खोक्याचं, पिशवीचं अन् बबल रॅपचं करायचं काय

ऑनलाइन सेल लागला की पुढचे आठ दिवस जुळे सोलापूर असो नाहीतर साखर पेठ, घंटागाडीत खोकी आणि करड्या पिशव्याच दिसायलेत, आणि त्यावर सकाळचं खरकटं अन् चहाचा चोथा. खरं नुकसान तिथंच होतं. कोरडा पुठ्ठा भंगारवाला किलोवर पैसे देऊन नेतो, तोच ओला तेलकट झाला की कुणी हात लावत नाही, कारण लगदा करताना कागदातलं तेल काही केल्या निघत नाही. म्हणून वेगळं करायचं काम पार्सल फोडतानाच उरकून टाका.

खोकं ओरबाडून फाडू नका. कटरनं मधल्या टेपवर सरळ चीर द्या, टेप सगळी ओढून काढा कारण ती प्लॅस्टिकची असते, मग खोकं सपाट करून कपाटामागं उभं सरकवा. रिटर्नची मुदत संपेपर्यंत मात्र ते भंगारात देऊ नका.

लेबलवर तुमचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं असतं आणि मार्करनं खोडलं तरी उजेडात धरलं की वाचता येतं. यातली बरीच लेबलं थर्मल कागदाची असतात, म्हणजे त्यात शाई नसतेच, अक्षर उष्णतेनं उमटतं. त्यामुळं वर एक साधा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली की अख्खं लेबल काळं पडतं. हे फक्त पुठ्ठ्यावर करा हं, प्लॅस्टिकच्या पिशवीवर नको, तिथं लेबल कात्रीनं कापून बारीक तुकडे करा.

आता प्लॅस्टिक. कुरिअरची पिशवी आणि बबल रॅप बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं, त्यावर छापलेल्या त्रिकोणात ४ आकडा असेल तर ते एलडीपीई, म्हणजे पातळ, मऊ जातीचं प्लॅस्टिक. हे कुजत नाही, नुसते बारीक तुकडे होत जातात, गटारीत अडकतं, उकिरड्यावर गायी खातात. एक पिशवी काही ग्रॅमची, एवढ्यासाठी भंगारवाला थांबणार नाही, पण स्वच्छ कोरड्या पिशव्या एका पोत्यात साठवून बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मिळून दिल्या तर घेतो का ते आधी त्यालाच विचारा. बाहेरून कागद आणि आतून बबल असलेलं पाकीट सगळ्यात वाईट, कारण दोन्ही चिकटलेले असतात, ते सोलून वेगळं करा, नाही निघालं तर परत काहीतरी पाठवायला वापरा.

आणि कृपा करून हिवाळ्यात शेकोटीत टाकू नका, थर्मोकोल तर अजिबात नाही, त्याच्या धुरात स्टायरीन नावाचं घातक रसायन असतं आणि शेजारी लेकरं बसलेली असतात. उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानंही बंदी आहे.

मला सगळ्यात पटलेला उपाय आपल्या गावातलाच आहे. सोलापुरात घरून शेंगाचटणी, कडक भाकरी कुरिअरनं पाठवणाऱ्या कितीतरी ताई आहेत, त्यांना चांगली खोकी विकत आणावी लागतात. कडक भाकरी वाटेत मोडू नये म्हणून बबल रॅप तर हवंच असतं. तुमच्या गल्लीतल्या ताईंना नीट ठेवलेली खोकी अन् रॅप नेऊन द्या, फक्त ते बाहेरच्या पॅकिंगला वापरायचं, पदार्थाला लागता कामा नये.

प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणं पॅकिंगचं प्लॅस्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँड कंपन्यांवर पण आहे, म्हणून एवढ्याशा वस्तूला भलंमोठं खोकं आलं तर रिव्ह्यूत फोटो टाकून स्पष्ट लिहा.

ऑर्डर करताना चार वस्तू चार दिवशी मागवण्यापेक्षा कार्टमध्ये साठवून एकदम मागवा, एकत्र डिलिव्हरीचा पर्याय असेल तर तोच निवडा. आणि चादर, टॉवेल तरी ऑनलाइन नको ओ, ते इथंच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणतात, कापडी पिशवी घेऊन दुकानात जा, हातात घेऊन वीण बघा आणि घ्या.