एअरबॅगचे कंट्रोल मॉड्यूल बदलताना

समोरून बसलेल्या धडकेत एअरबॅग उघडल्यानंतर डॅशबोर्डवरील एअरबॅगचा इशारा-दिवा विझेना, कारण धडकेची नोंद कंट्रोल मॉड्यूलच्या (एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) मेमरीत राहते आणि साध्या स्कॅनरने ती सहसा पुसली जात नाही. ती पुसून देणारे कारागीर मिळतात. परंतु जिवाचा प्रश्न असल्याने मी नवेच मॉड्यूल घेतले. बॅटरीची ऋण तार काढून, मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत दहा मिनिटे थांबून, मगच कन्सोलखालील पिवळे कनेक्टर सोडवले. मॉड्यूलवरील बाण गाडीच्या पुढच्या दिशेलाच ठेवावा लागतो, अन्यथा आतील सेन्सरला धडकेची दिशा चुकीची कळते. एअरबॅगसोबत सीटबेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे भाग) बदलले, कारण त्यांतील स्फोटक एकदाच पेटते. शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये चासी क्रमांकानुसार नव्या मॉड्यूलचे कोडिंग (त्याची या गाडीशी जुळणी) केल्यावर, इग्निशन देताच दिवा काही सेकंद लागून विझला.