पडवीतलं आयझिंग मॉडेल

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आयझिंग मॉडेल घेतलं आणि मी थेट कोड लिहायला बसलो. हे चुंबकाचं साधं गणिती मॉडेल: जाळीच्या प्रत्येक घरात एक स्पिन, म्हणजे वर किंवा खाली तोंड असलेला इवलासा चुंबक, आणि शेजारी सारखे असले की ऊर्जा कमी. आलेख आले, पण ते काय सांगतायत हे मला कुणाला समजावता येईना. जुलैत देवगडला घरी गेलो तर दोन दिवस लाईट नाही. मग पडवीत खडूने सहा बाय सहा घरं आखली आणि चिंचोके फोडून प्रत्येक घरात अर्धा-अर्धा ठेवला. पांढरी बाजू वर म्हणजे स्पिन वर, काळी बाजू म्हणजे खाली.

दोन फासे टाकायचे, एक ओळीचा, एक स्तंभाचा. जो चिंचोका येईल त्याचे चार शेजारी बघायचे (डाव्या कडेच्या घराचा शेजारी उजव्या कडेला). उलटवून ऊर्जा वाढत नसेल (म्हणजे दोन किंवा कमी शेजारी त्याच्यासारखे असतील) तर उलटवायचाच. तीन शेजारी त्याच्यासारखे असतील तर डब्यातल्या शंभर चिठ्ठ्यांतली एक काढायची, 17 किंवा खालचा आकडा आला तरच उलटवायचा. चारही सारखे असतील तर 3 किंवा खाली. हे आकडे क्रांतिक तापमानाचे, म्हणजे ज्याच्या खाली बहुतेक स्पिन एकाच बाजूला झुकतात त्या तापमानाचे. J (शेजाऱ्यांमधल्या ओढीची ताकद) आणि बोल्ट्झमन स्थिरांक एक धरून ते 2.269. हे तापमान लार्स ऑन्सागर या शास्त्रज्ञाने 1944 साली काटेकोर सोडवणुकीतून दिलं.

"चिंचोक्यांनी काय खेळतंस रे झिला?" आजीने विचारलं. मी दाखवलं: पांढऱ्यांच्या मधोमध एकटा काळा पडला की तो लगेच परत पांढरा होतो, पण सात-आठ काळ्यांचं बेट झालं की टिकतं, कडेकडेनेच झिजतं. तिला दाखवता दाखवता मला भौतिकशास्त्रज्ञ पायर्ल्सचा 1936 चा युक्तिवाद कळला: पृष्ठभागावरच्या जाळीत कमी तापमानाला बहुतेक स्पिन एकाच बाजूचे का राहतात. स्पिन एकाच ओळीत मांडले तर बेट कितीही मोठं करा, त्याची टोकं दोनच, ऊर्जेची किंमत तीच. म्हणून आयझिंगला 1925 च्या एका ओळीवरच्या लेखात अवस्थांतर (ठरावीक तापमानाखाली सगळं एका बाजूला झुकणं) सापडलं नाही. पृष्ठभागावर मात्र बेटाबरोबर कड वाढते आणि किंमतही.

यानंतर कोड लिहा, तो आपला वाटतो. माझी एक चूक मात्र टाळा. 10 बाय 10 च्या जाळीवर 2.1 तापमानाला मॅग्नेटायझेशनची (वरचा स्पिन +1, खालचा -1 धरून दर स्पिनमागे येणाऱ्या आकड्याची) सरासरी शून्याजवळ आली. अनंत जाळीवर ती 0.87 असते. आठवडाभर मी कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक नव्हती. जाळी लहान असली की सगळे स्पिन मिळून अधूनमधून पलटतात, वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात. दर मोजणीचं निरपेक्ष मूल्य घ्यायचं आणि मगच सरासरी काढायची.

क्रांतिक तापमानाजवळ घाई अजिबात नको. तिथे जाळीची बाजू दुप्पट केली की स्थिरावायला साधारण साडेचारपट वेळ लागतो, सुरुवातीचे फेरे टाकून द्यावे लागतात. मोठी जाळी हवीच असेल तर 1989 ची वुल्फची पद्धत शिका. तीत एकेक स्पिन नाही, अख्खं बेटच पलटवतात.