पॅकेज टाकलंय, पण सापडत नाही? या चुका टाळा

"सर, पाच वेळा टाकलं. तरी तेच, कमांड नॉट फाउंड."

मुलगा दिंडोरीचा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर लावलेत, त्यांच्या नोंदी ज्युपिटर या पायथनच्या साधनात उघडून आलेख काढायचे होते. लॅपटॉप जुना, त्यावर उबुंटू २२.०४ हे लिनक्स. नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझ्या खोलीवर संध्याकाळी अशी दोन-चार मुलं येऊन बसतात, आणि दर आठवड्याला कुणा ना कुणाचं दुखणं हेच असतं: टाकलेलं सापडत नाही.

"पाच वेळा टाकलंस. पण ते पडलं कुठे, हे एकदा तरी पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. ज्युपिटर पहिल्याच वेळी नीट बसलं होतं, त्याच्या होम फोल्डरमधल्या '.लोकल/बिन' मध्ये. आणि पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामनं, तेव्हाच पिवळ्या अक्षरांत सांगितलंही होतं, की या फोल्डरचं नाव पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या यादीत, नाही. तो इशारा ढीगभर ओळींच्या गर्दीत वर सरकून गेला. दुसऱ्यांदा टाकायला गेलं की पिप फक्त 'आधीच आहे' एवढंच म्हणतो, इशारा पुन्हा देत नाही. पुन्हा पुन्हा टाकण्याच्या नादात नेमकी कामाची ओळच हातची गेली.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: सापडत नाही म्हणून पुन्हा टाकणं. पाहुणा रविवार कारंजावर उभा आहे आणि आपण त्याला गंगापूर रोडवर शोधतोय, तर दुसरा पाहुणा बोलावून काय उपयोग? प्रश्न दोनच असतात. वस्तू कुठे पडली आहे? आणि सिस्टीम कुठे शोधते आहे? ही दोन उत्तरं शेजारी ठेवली की बहुतेक वेळा तिढा तिथेच सुटतो.

इथे कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत द्यायच्या, आणि पाथ हे नाव तिथे कॅपिटलमध्येच.

आधी पाहा, मग हात लावा

पाथ म्हणजे फोल्डरांची यादी, प्रत्येक नावाच्या मध्ये कोलन. १९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही यादी एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला सोबत मिळणाऱ्या सेटिंगमध्ये, ठेवायची रीत चालत आली आहे. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, डावीकडून सुरुवात करतो, एकेका फोल्डरमध्ये डोकावतो आणि त्या नावाची चालवता येणारी फाइल जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबतो. फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये तो जात नाही. तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथेही आपणहून बघत नाही; विंडोजवरून आलेली मुलं इथेच पहिल्यांदा अडखळतात.

'एको $पाथ' दिलं की यादी समोर येते. वस्तू कुठे पडली ते बघायचं तर उबुंटू-डेबियनवर 'डीपीकेजी -एल' आणि पुढे पॅकेजचं नाव, यातला एल कॅपिटल. पिपनं टाकलं असेल तर 'पिप शो -एफ', मॅकवर होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामनं टाकलं असेल तर 'ब्रू लिस्ट'. हे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे पॅकेजचं नाव आणि कमांडचं नाव एकच असेल असं नाही. उबुंटूवर 'बॅट' टाकलं तर कमांड येते 'बॅटकॅट', कारण मूळ नाव दुसऱ्या पॅकेजशी भिडत होतं. 'रिपग्रेप' ची कमांड 'आरजी'. असं असताना पाथमध्ये कितीही खाडाखोड केली तरी काही हाती लागणार नाही.

कमांड कुठे आहे ते बघायला 'व्हिच' ची सवय असेल तर ती बदला, असं मी आग्रहानं सांगेन. बॅश या उबुंटूच्या नेहमीच्या शेलमध्ये 'टाइप -ए' वापरा. 'व्हिच' हा वेगळा प्रोग्राम आहे. तुमच्या एलियास (कमांडना दिलेली टोपणनावं), तुमची फंक्शन्स आणि शेलनं स्वतः लक्षात ठेवलेली जागा यातलं त्याला काहीच कळत नाही. 'टाइप -ए' मात्र त्या नावाचं जे जे आहे ते सगळं, शेल ज्या क्रमानं उचलेल त्याच क्रमानं दाखवतो. एकाच पायथनच्या तीन प्रती मशीनवर नांदतायत, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

ही शेलची आठवणही कधी घोटाळा करते. एपीटीनं, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामनं, टाकलेला जुना नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) काढून टाकला, नवा '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये बसवला, 'व्हिच' नवी जागा दाखवतो आणि बॅश मात्र म्हणतो, '/यूएसआर/बिन/नोड' अशी फाइल नाही. एकदा सापडलेली जागा बॅश लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी शोधतच नाही. 'हॅश -आर' दिलं की ती आठवण पुसली जाते. एवढंच करायचं असतं.

यादी वाढवताना यादीच पुसणं

ही चूक माणसाला सर्वात जास्त घाबरवते. होम फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' मध्ये ओळ लिहायची होती 'एक्सपोर्ट पाथ=/ऑप्ट/टूल/बिन:$पाथ', आणि शेवटचं ':$पाथ' राहून गेलं. आता प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये यादीत एकच फोल्डर. 'एलएस' नाही, 'नॅनो' नाही, 'सुडो' नाही. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री एका मुलीनं याच कारणासाठी अख्खी सिस्टीम फॉरमॅट केली, आणि त्यात तिच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण दुरुस्ती एका ओळीची होती. त्याच टर्मिनलमध्ये 'पाथ=/यूएसआर/बिन:/बिन' टाइप करायचं. कमांड परत येतात. मग नॅनो या एडिटरनं फाइल उघडून चुकलेली ओळ सुधारायची. फाइली कुठेही गेलेल्या नसतात, शेलच्या हातातली यादी तेवढी कोरी झालेली असते.

याच ओळीत आणखी तीन बारीक खोड्या लपतात. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडायची नाही, एकही नाही. होमसाठीचं '~' अवतरणचिन्हांत अडकवलं तर ते उलगडत नाही, म्हणून तिथे '$होम' लिहावं. आणि फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये लिहून आणली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह येतं, जे फोल्डरच्या नावाला चिकटतं. नाव डोळ्यांना बरोबर दिसतं आणि फोल्डर काही सापडत नाही.

सोय म्हणून यादीत एक टिंब, म्हणजे 'चालू फोल्डर', घालणारेही भेटतात. नका घालू. कुणी पाठवलेल्या झिपमध्ये 'एलएस' नावाची फाइल असेल आणि टिंब यादीत पुढे असेल, तर तुम्ही त्या फोल्डरमध्ये जाऊन 'एलएस' म्हणताच तीच चालेल. शेवटी उरलेला मोकळा कोलन किंवा लागोपाठ दोन कोलन यांचा अर्थही चालू फोल्डर असाच होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ओळ बरोबर, फाइल चुकीची

दिंडोरीच्या मुलाकडे परत येतो. '.लोकल/बिन' पाथमध्ये नव्हतं, पण त्याला काहीच लिहावं लागलं नाही. उबुंटूच्या '.प्रोफाइल' मध्ये ती सोय आधीपासून असते, फक्त एका अटीवर: लॉगिनच्या क्षणी तो फोल्डर हजर हवा. त्याचा फोल्डर पिपनं दुपारी तयार केला, लॉगिन सकाळचं. नवं टर्मिनल उघडून भागत नाही, कारण '.प्रोफाइल' लॉगिनला वाचली जाते आणि '.बॅशआरसी' प्रत्येक नव्या टर्मिनलला. तो लॉग आउट करून परत आत आला आणि ज्युपिटर उघडलं. पाच वेळा टाकण्यात गेलेली दुपार त्याला परत मिळाली नाही, याची मात्र हळहळ वाटली.

मॅकवाल्यांनी हे लक्षात ठेवावं की २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतो. जुन्या लेखांतून उचललेली ओळ '.बॅश_प्रोफाइल' मध्ये टाकली तर ती कुणी वाचतच नाही, ती '.झेडएसएचआरसी' मध्ये हवी. शिवाय होमब्रू इंटेलच्या मॅकवर '/यूएसआर/लोकल' मध्ये बसतो आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर '/ऑप्ट/होमब्रू' मध्ये. जुन्या मॅकवरच्या सेटिंग नव्यावर जशाच्या तशा आणल्या की ब्रू हरवलाच.

माझ्या हातानं चालतं, रात्री चालत नाही

सातपूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपचं काम मी बघायचो. सुट्या भागांच्या डिझाइनच्या फाइली रोज रात्री एक वाजता दुसऱ्या डिस्कवर जायच्या होत्या. बॅकअपचं टूल मी '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये बसवलं, स्क्रिप्ट लिहिली, हातानं चालवून पाहिली, मालकांसमोर एक फाइल परत आणूनही दाखवली. मग क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ओळ टाकून घरी आलो. अकरा दिवसांनी मालकांचा फोन: "अहो, दुसऱ्या डिस्कवर नवं काहीच दिसत नाहीये."

क्रॉनला तुमची '.बॅशआरसी' माहीत नसते. उबुंटू-डेबियनवर तो '/यूएसआर/बिन:/बिन' एवढीच यादी घेऊन बसतो. माझं टूल त्याला दिसलंच नाही. त्यानं चूक सांगितलीही असती, पण तो ती मेलनं सांगतो आणि त्या मशीनवर मेलची व्यवस्थाच नव्हती. सिस्टीमच्या लॉगमध्ये अकरा रात्रींच्या अकरा ओळी होत्या, की मेलची सोय नाही म्हणून मजकूर टाकून देतोय. त्या अकरा दिवसांत डिस्क गेली नाही, म्हणून आम्ही वाचलो.

तेव्हापासून क्रॉनटॅबच्या पहिल्या ओळीत मी पाथ पूर्ण लिहितो. पूर्ण म्हणजे पूर्ण. तिथे '$पाथ' किंवा '$होम' लिहिलं तर क्रॉन ते उलगडत नाही, अक्षरशः तसंच घेतो. आणि स्क्रिप्टचा सगळा मजकूर, चुकांसकट, एका लॉग फाइलमध्ये वळवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाइल उघडून बघितल्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही.

प्रशासकाच्या अधिकारानं कमांड चालवणाऱ्या सुडोचं दुखणं याच जातीचं. उबुंटूवर सुडो तुमची यादी बाजूला ठेवतो आणि '/ईटीसी/सुडोअर्स' मधल्या 'सिक्युअर_पाथ' ची यादी वापरतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, तो बंद करू नका. तुमच्या होममधलं टूल सुडोनं चालवायचंच असेल तर त्याचा पूर्ण पत्ता द्या. डेबियन १० पासून प्रशासकाच्या खात्यात जायला नुसतं 'एसयू' केलं तरी यादी तुमचीच राहते आणि '/यूएसआर/एसबिन' मधल्या कमांड सापडत नाहीत. 'एसयू -' असं करा.

पाथ बरोबर आहे, तरीही

पाथ ही एकच यादी नाही, इथे भले भले चकतात. कमांड सापडली, सुरू झाली आणि लगेच 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' म्हणून बंद पडली, तर आता शोधणारा शेल नाही, प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा लोडर आहे. त्याची यादी वेगळी. 'एलडीडी' आणि पुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दिला की कुठली लायब्ररी सापडत नाही ते दिसतं. सोर्सवरून 'मेक इन्स्टॉल' केल्यावर लोडरची यादी ताजी करणारं 'सुडो एलडीकॉन्फिग' द्यायचं राहिलं, हे नेहमीचं कारण. एपीटी ते स्वतः करतो म्हणून आपल्याला सवय नसते. लोडरला शोधायचे फोल्डर सांगणारं 'एलडी_लायब्ररी_पाथ' कायमचं '.बॅशआरसी' मध्ये कोंबू नका, त्याचा परिणाम त्या एका प्रोग्रामपुरता राहत नाही. आणि एक नंबरची लायब्ररी हवी असताना दोन नंबरच्या लायब्ररीची लिंक करून तिला एक नंबरचं नाव देणं तर मुळीच नको. प्रोग्राम सुरू होईल, पण मध्येच कोसळेल किंवा चुकीचं उत्तर देईल, आणि ते चुकीचं उत्तर जास्त महागात पडतं.

पायथनची तिसरी यादी. पिप म्हणतो बसवलं, पायथन म्हणतो मॉड्यूल नाही. दोघेही खरं बोलतायत. पिप एका पायथनचा, चालवताय दुसरा. नुसतं 'पिप' म्हणण्याऐवजी 'पायथन३ -एम पिप' म्हणायची सवय लावा, म्हणजे जो पायथन चालवाल त्याच्याच घरात सामान पडेल. डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप काही टाकू देत नाही. ती अडवणूक मोडायचा पर्याय त्याच संदेशात लिहिलेला असतो, आणि मुलं तोच कॉपी करतात. त्याऐवजी 'पायथन३ -एम व्हेन्व' नं प्रोजेक्टपुरतं वेगळं घर करा. फक्त ते घर नंतर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका. त्यातल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो, त्यामुळे 'बॅड इंटरप्रिटर' येतं. हलवायचंच असेल तर पुसून नव्यानं करा.

एक गंमतीशीर वाटणारी पण तास तास खाणारी गोष्ट: दिंडोरीच्या त्याच मुलानं पुढच्या आठवड्यात आपल्या फाइलचं नाव 'सीएसव्ही.पीवाय' ठेवलं. पायथन सगळ्यात आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरमध्ये बघतो, त्यामुळे पायथनचं स्वतःचं 'सीएसव्ही' मॉड्यूल झाकलं गेलं. 'पायथन३ -सी' देऊन 'सीएसव्ही.__फाइल__' छापून पाहिलं आणि पत्ता त्याच्याच फोल्डरचा निघाला. फाइलचं नाव 'नोंदी.पीवाय' केलं, इंग्रजी अक्षरांत, आणि काम पुढे सरकलं.

यातूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर 'चालत नाहीये' एवढ्यावर थांबू नका. चार गोष्टी पाठवा: एररचा संदेश जसाच्या तसा (फोटो नव्हे, अक्षरं), 'एको $पाथ' चं उत्तर, 'टाइप -ए' चं उत्तर, आणि पॅकेज कशानं टाकलं, एपीटीनं, पिपनं की सोर्सवरून. परवा नाशिकरोडहून एका मुलीनं असाच मेसेज पाठवला होता. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर तिचा दुसरा मेसेज आला: "राहू द्या सर, टाइप करतानाच दिसलं. दोन कोलनच्या मध्ये स्पेस पडलाय."